काळारामाचा काळा दगड फोटोत राखाडी का येतो? डिजिटल फोटोग्राफीची पहिली ओळख

पंचवटीत काळाराम मंदिरासमोर उभं राहून मोबाइलने फोटो काढला, की बहुतेकांना एकच गोष्ट खटकते. डोळ्यांना दगड काळाभोर दिसत असतो आणि फोटोत तोच फिक्कट राखाडी येतो. वर कळसामागचं निळं आभाळ पांढरंफटक. मोबाइल पंधरा हजारांचा असो की लाखाचा, थोड्याफार फरकाने हेच होतं. मग कुणी म्हणतं कॅमेराच भारी नाही, कुणी म्हणतं घरी जाऊन फिल्टर लाव. कॅमेऱ्यात बिघाड काहीच नसतो. त्याने त्याचं काम चोख केलेलं असतं. ते काम नेमकं काय, हे कळलं की फोटोग्राफीतल्या बाकीच्या गोष्टी पटापट जागेवर बसतात. म्हणून लेन्स आणि ब्रँड बाजूला ठेवून तिथूनच सुरुवात करू.

आत काय घडतं

लेन्समधून आलेला प्रकाश सेन्सरवर पडतो. सेन्सर म्हणजे सिलिकॉनची एक चिप आणि तिच्यावर ओळीने मांडलेले कोट्यवधी सूक्ष्म खाने. पावसाळ्यात मोकळ्या मैदानात हजारो बादल्या एकमेकींना चिकटून मांडल्या आणि ठरावीक वेळाने कुठल्या बादलीत किती पाणी साठलं ते वहीत उतरवलं, तर पाऊस कुठे जास्त पडला आणि कुठे कमी, याचा नकाशाच हाती येईल. सेन्सर प्रकाशाचा असाच हिशेब ठेवतो. शटर उघडं असेपर्यंत प्रत्येक खान्यात प्रकाश पडत राहतो, त्यातून वीजभार साठतो, शटर बंद झाल्यावर तो मोजून त्याचा आकडा लिहिला जातो. तुमच्या मोबाइलमधला प्रत्येक फोटो म्हणजे मुळात आकड्यांचं एक भलंमोठं कोष्टक आहे.

या खान्यांना रंग कळत नाही, फक्त उजेड किती ते कळतं. म्हणून प्रत्येक खान्यावर लाल, हिरवी किंवा निळी अशी एक बारीक गाळणी बसवलेली असते. चार खान्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. हिरव्याला दुप्पट जागा का, तर उजेडातले बारकावे टिपताना आपल्या डोळ्यांची सगळ्यात जास्त मदार हिरव्यावर असते. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६चं. आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्ये तीच आहे. एखाद्या ठिकाणचा पूर्ण रंग ठरवायला कॅमेरा शेजारच्या खान्यांचे आकडे बघतो आणि अंदाज बांधतो. म्हणजे फोटोतल्या रंगांचा दोन तृतीयांश भाग हा हिशेबाने भरलेला असतो. हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो, पण तो अंदाज इतका चांगला असतो की एरवी कुणाच्या लक्षातही येत नाही.

त्याच कोडॅकमध्ये १९७५ साली स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला होता. त्यात आडवे शंभर आणि उभे शंभर, म्हणजे एकूण दहा हजार खाने होते. फोटो कृष्णधवल, आणि एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरवायला २३ सेकंद लागत. आता साध्या मोबाइलमध्ये सव्वा कोटी खाने असतात. या खान्यांनाच आपण पिक्सेल म्हणतो, आणि दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. १२ मेगापिक्सेल म्हणजे साधारण १ कोटी २० लाख.

आता दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा असतो, म्हणून तो इथेच निकालात काढतो. चार बाय सहा इंचाची चांगली प्रिंट काढायला दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात. ए-फोर आकाराला नऊच्या आत भागतं. ज्या मोबाइलवर ५० मेगापिक्सेल लिहिलेलं असतं तो एरवी चार-चार शेजारी खाने एकत्र मोजतो आणि १२-१३ मेगापिक्सेलचाच फोटो हातात देतो. खाने किती यापेक्षा खाना केवढा याला जास्त महत्त्व आहे, कारण मोठ्या बादलीत जास्त पाऊस मावतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. मोबाइलमधला आपल्या बोटाच्या नखाएवढा, बऱ्याचदा त्याहूनही लहान. रात्रीच्या फोटोत दोघांतला फरक दिसतो तो इथून येतो.

तीन आकडे

सेन्सरवर किती प्रकाश पोचू द्यायचा हे दोन गोष्टींनी ठरतं: शटर किती वेळ उघडं आणि लेन्सचं भोक केवढं. तिसरा आकडा आयएसओचा, तो जमलेल्या प्रकाशाचं पुढे काय करायचं ते ठरवतो. या तिघांना मिळून एक्स्पोजर म्हणतात.

शटर स्पीड समजायला रंगपंचमीसारखा दिवस नाही. नाशकात त्या दिवशी जुन्या गावातल्या पेशवेकालीन रहाडी उघडतात. वर्षभर रस्त्याखाली झाकून ठेवलेले हे दगडी हौद रंगाच्या पाण्याने भरतात आणि पोरं कडेवरून त्यात धप्पा मारतात. समजा एक जण मीटरभर उंचीवरून खाली येतोय. पाण्याला टेकताना त्याचा वेग सेकंदाला साधारण साडेचार मीटर असतो. शटर १/६० सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्या वेळात तो सात सेंटीमीटर सरकतो. फोटोत त्याचा चेहरा म्हणजे नुसता फराटा. तोच फोटो १/१०००ला काढला तर तो सरकतो साडेचार मिलिमीटर. दुरून काढलेल्या फोटोत हे कळतही नाही. मिटलेले डोळे, फुगवलेले गाल आणि उडालेला एकेक थेंब जागच्या जागी थिजतो.

पण शटर इतकं झटकन बंद झालं की प्रकाशही तेवढाच कमी येतो. जुन्या नाशकातल्या अरुंद गल्ल्यांत दुपारीसुद्धा सावली असते, मग भोक मोठं करावं लागतं, नाहीतर आयएसओ वाढवावा लागतो. आणि त्या दिवशी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, लेन्सपुरतं भोक ठेवून, वर रबर लावून न्यावा. रहाडीच्या कडेला उभं राहून ‘माझ्यावर नका उडवू’ म्हणण्यात काही अर्थ नसतो.

उलट टोकाला जायचं तर गंगापूर रोडवरचा सोमेश्वरचा धबधबा. दिवाळीच्या कॅलेंडरवर पाणी दुधासारखं पसरलेलं दिसतं ते शटर अर्धा-एक सेकंद उघडं ठेवून केलेलं असतं. तेवढ्या वेळात पाणी वाहत राहतं आणि त्याची रेघ उमटते, दगड मात्र हलत नाहीत म्हणून स्पष्ट येतात. अट एकच: कॅमेराही हलता कामा नये, म्हणजे ट्रायपॉड हवा. दुसरी अडचण अशी की पावसाळी ढगाळ दुपारीसुद्धा अर्धा सेकंद शटर उघडं ठेवलं तर फोटो पूर्ण पांढरा होतो. मग एकतर दिवस कलेपर्यंत थांबायचं, नाहीतर लेन्सपुढे एनडी फिल्टर, म्हणजे गडद काच लावायची. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं असताना मात्र फोटो गेला खड्ड्यात, त्या खडकांवर उतरायचं नाही.

हातात धरून किती शटरपर्यंत फोटो हलत नाही? यासाठी एक जुना ठोकताळा आहे. लेन्स जितक्या मिलिमीटरची, तितका तरी भागाकार हवा. ५० मिलिमीटरची लेन्स असेल तर १/५०, २०० मिलिमीटरची असेल तर १/२००. आता लेन्समध्ये आणि मोबाइलमध्ये थरथर सावरणारी यंत्रणा असते, त्यामुळे यापेक्षा संथ शटरही हातात निभावतं. पण ती यंत्रणा तुमचा हात सावरते, समोर धावणारं लहान मूल नाही.

अपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या भोकाचा आकडा सुरुवातीला सगळ्यांना गोंधळात टाकतो, कारण तो उलटा चालतो: एफ/२ म्हणजे मोठं भोक, एफ/१६ म्हणजे छोटं. हा आकडा भागाकाराचा आहे. ५० मिलिमीटरच्या लेन्सला २ने भागलं की २५ मिलिमीटर व्यासाचं भोक, १६ने भागलं की जेमतेम तीन मिलिमीटरचं. भागाकार लक्षात ठेवला की पाठांतर करावं लागत नाही. लेन्सवर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे दिसतील. प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. या एका पायरीला फोटोग्राफर लोक ‘स्टॉप’ म्हणतात. शटर १/५००चं १/१००० केलं तरी एक स्टॉप कमी, आयएसओ १००चं २०० केलं तर एक स्टॉप जास्त. तिन्ही आकडे एकाच चलनात बोलतात, म्हणून एकात घेतलं ते दुसऱ्यात फेडता येतं.

भोकाचा आकार प्रकाशाबरोबर आणखी एक गोष्ट ठरवतो: फोकसच्या पुढे-मागे किती भाग स्पष्ट येणार. फेब्रुवारीत पिंपळगाव-दिंडोरीकडे द्राक्षबागेत गेलात, तर एकाच घडाचे दोन फोटो काढून बघा. एफ/२ला घड लख्ख येतो आणि मागच्या वेली, तारा, लोखंडी अँगल सगळं विरघळून हिरवा धूसर पडदा होतो. एफ/११ला मागच्या रांगा थेट बांधापर्यंत ओळखू येतात. पहिल्यात घड दिसतो, दुसऱ्यात बाग. (बागायतदाराला विचारल्याशिवाय आत शिरू नका. तोडणीच्या दिवसांत घडाला नुसता हात लागला तरी त्यावरची पांढरी लव पुसली जाते आणि एक्स्पोर्टच्या मालात ते चालत नाही.)

आयएसओबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: आयएसओ वाढवला की फोटोत दाणे येतात. दाणे येतात हे खरं, पण दोष आयएसओचा नाही. प्रकाश सलग धारेने येत नाही, तो कणाकणाने येतो; पावसासारखाच, कुठल्या बादलीत एखादा थेंब जास्त, कुठे एखादा कमी. एका खान्यात सरासरी १०,००० कण पडणार असतील तर शेजारशेजारच्या खान्यांत शंभराएक कणांचा फरक पडतो, म्हणजे एक टक्का. डोळ्याला कळत नाही. पण अंधारात सरासरी १०० कणच पडले, तर फरक दहाचा, म्हणजे दहा टक्के. सपाट भिंत खरखरीत दिसायला लागते. आयएसओ वाढवणं म्हणजे कमी आलेले आकडे गुणून मोठे करणं. आकड्यांबरोबर त्यांच्यातला चढउतारही मोठा होतो, एवढंच. त्यामुळे लग्नाच्या हॉलमध्ये आयएसओ १६०० किंवा ३२०० लावायला घाबरू नका. दाणेदार फोटो चालतो. हललेला फोटो दुरुस्त होत नाही.

तिघांचा मेळ घालून बघायला एक नियम पाठ असावा, फिल्मच्या काळापासूनचा. लख्ख ऊन असेल तर एफ/१६ ठेवा आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं: आयएसओ १०० तर १/१०० किंवा जवळचं १/१२५. हेच एफ/८ला १/५०० होतं आणि एफ/५.६ला १/१०००. प्रकाश सगळीकडे सारखाच जमतो, फक्त फोटोचा स्वभाव बदलतो. प्रकाश मोजायचा मीटर नसलेले कॅमेरे घेऊन लोक याच अंदाजावर जत्रांचे फोटो काढत.

आता काळारामाकडे

तुम्ही ऑटोवर फोटो काढता तेव्हा हे आकडे कॅमेरा ठरवतो. त्यासाठी समोरून येणारा प्रकाश मोजणारा मीटर आत असतो. पण मीटरला समोर मंदिर आहे की लग्नातला शालू, हे मुळात कळत नाही. त्याला फक्त परतून आलेला उजेड दिसतो. काळ्या दगडावरून कमी उजेड येतो, पांढऱ्या भिंतीवरून जास्त. कमी उजेड आला तो दगड काळा म्हणून की संध्याकाळ झाली म्हणून, हे त्याने ओळखायचं कसं? म्हणून कॅमेरे बनवणाऱ्यांनी एक तोडगा काढला: समोर जे काही असेल ते सरासरीने मध्यम राखाडी आहे असं धरून चालायचं. बहुतेक वेळा झाडं, रस्ता, माणसं, आभाळ मिळून सरासरी तशीच येते आणि फोटो बरा निघतो. पण चौकटीत बहुतांश काळा दगडच असला, की मीटर म्हणतो प्रकाश कमी आहे, आणि एक्स्पोजर वाढवतो. दगड राखाडी होतो आणि त्याच्यामागचं आभाळ, जे मुळात उजळ होतं, ते पांढरं होऊन जातं.

नवीन मोबाइल याहून हुशार झालेत, चेहरे आणि आभाळ ओळखतात, तरी मूळचा कल तोच. उपाय सोपा आहे. मोबाइलवर दगडावर बोट टेकवा, शेजारी सूर्याची खूण येईल, ती खाली ओढा. कॅमेऱ्यात अधिक-उणेची खूण असलेलं बटण असतं, ते उणे एकवर न्या, गरज वाटली तर उणे दीड. दगड काळा होईल, आभाळाला निळाई परत येईल. याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात, आणि नवशिक्याने सगळ्यात आधी शिकायचं बटण कुठलं असं विचारलं तर मी हेच सांगेन. मॅन्युअल मोड नंतर आला तरी चालतो.

पांढऱ्याचं उलटं. पांढऱ्या भिंतीपुढे पांढऱ्या साडीतली आजी उभी असेल तर कॅमेरा सगळं मळकट करतो, तिथे अधिक एक. पण हा नियम डोळे मिटून लावायचा नाही, आणि ते शिकायला निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर उत्तम. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ. २०२०मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जाहीर झालं. हिवाळ्यात तिथे सकाळच्या उन्हात एखादा बगळा गडद पाण्यात उभा असतो. बगळा पांढरा आहे, म्हणून अधिक करावं का? नाही. चौकटीत बगळा वीतभर आणि गडद पाणी हातभर. मीटर पाण्याकडे बघून एक्स्पोजर वाढवतो आणि बगळ्याच्या अंगावरची पिसं न् पिसं एकसारखी पांढरी होतात, आम्ही म्हणतो ‘जळाला’. इथेही उणेच करायचं. पक्षी कुठल्या रंगाचा यापेक्षा चौकटीत जास्त जागा कुणी व्यापली आहे ते बघा.

जळणं म्हणजे बादली काठोकाठ भरून सांडणं. त्यानंतर कितीही पडलं तरी आकडा तोच. घरी संगणकावर काळोखा भाग बराच उजळता येतो, थोडे दाणे येतात इतकंच. जळलेल्या भागात मात्र काढण्यासारखी माहितीच नसते. जळालं का ते उन्हात स्क्रीनकडे बघून कळत नाही, म्हणून हिस्टोग्राम बघायचा. तो एक आलेख असतो, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. आलेख उजव्या भिंतीला चिकटून उभा चढला असेल तर काहीतरी जळालंय. एवढं कळलं तरी पुरे.

नाशकातलं ऊन

प्रकाश किती याचं बरंच झालं. तो येतो कुठून हे त्याच्याइतकंच महत्त्वाचं. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते. पंचवटी पूर्वेच्या काठावर, जुनं नाशिक पश्चिमेच्या. म्हणजे सकाळी सूर्य पंचवटीच्या मागून वर येतो. जुन्या नाशकाच्या बाजूने पंचवटीकडे बघत फोटो काढलात, तर देवळांच्या काळ्या आकृत्या, पाण्यावर सोनेरी पट्टा आणि हिवाळा असेल तर नदीवरून उठणारी वाफ मिळते. देवळांवरचं कोरीव काम हवं असेल तर त्याच जागी संध्याकाळी या. तेव्हा ऊन तुमच्या पाठीमागून येऊन पंचवटीच्या दर्शनी बाजूंवर पडतं. जागा एकच, फोटो पूर्ण वेगळे. लोक सकाळी जाऊन ‘फोटो काळे आले’ म्हणून तक्रार करतात आणि कॅमेऱ्याला दोष देतात.

नाशकात सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळातल्या बाराला नव्हे, साधारण सव्वाबारा ते बारा पन्नासच्या दरम्यान, कारण आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावर चालतं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तर तो नेमका डोक्यावर असतो, खांबाची सावली खांबाच्याच पायाशी. अशा वेळी माणसांचे फोटो काढू नयेत असं माझं ठाम मत आहे. भुवयांची सावली डोळ्यांत पडते, नाकाची ओठांवर, आणि देखणा माणूसही आजारी दिसतो. काढायचाच असेल तर वाड्याच्या दारात, उंबऱ्याच्या आतल्या सावलीत उभं करा, तोंड बाहेरच्या उजेडाकडे. इतका मऊ प्रकाश स्टुडिओतही पैसे मोजून मिळतो.

पांडवलेण्यांत प्रकाशाच्या दिशेचा खेळ आणखी स्पष्ट होतो. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा ब्राह्मी लिपीतला मोठा शिलालेख आहे. समोरून फ्लॅश मारला तर भिंत उजळते आणि अक्षरं जवळपास नाहीशी होतात, कारण प्रत्येक खाचेत प्रकाश थेट शिरतो. तेच ऊन बाजूने तिरकं घासून येत असेल, तर खाचेच्या एका कडेला सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. कपड्याचा पोत, म्हाताऱ्या हातांच्या सुरकुत्या, भाकरीचा पापुद्रा, सगळ्यांना हेच लागू. म्हणून कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश मी तरी बंदच ठेवतो. (स्मारकांत ट्रायपॉड लावण्याआधी परवानगीचं विचारून घ्या, आणि देवळांच्या गाभाऱ्यात फोटोला मनाई असेल तर तिथे युक्त्या करू नयेत.)

रंगाबद्दल थोडक्यात. दिव्याच्या ज्योतीचा प्रकाश तांबूस पिवळा असतो, सावलीतला निळसर. आपला मेंदू ते परस्पर सावरून घेतो. कॅमेऱ्यात ते काम व्हाइट बॅलन्स करतो. ऑटोवर बऱ्याचदा ठीक, पण संध्याकाळी रामतीर्थावर आरतीच्या वेळी तो ज्योतीचा पिवळेपणा कमी करायला जातो आणि सगळी मजा घालवतो. तिथे ‘डेलाइट’ निवडा, सोनं राहतं.

मोबाइल करतो ते हिशेब

नखाएवढ्या सेन्सरने मोबाइल इतके चांगले फोटो कसे काढतो? तो एक फोटो काढतच नाही. नाइट मोडमध्ये तो पाठोपाठ अनेक फोटो घेतो, एकमेकांवर नीट बसवतो आणि सरासरी काढतो. मघाचा कणांचा हिशेब इथे कामाला येतो: नऊ फोटोंची सरासरी काढली की दाणे एकतृतीयांश होतात. मधल्या वेळात कुणी हललं तर मात्र त्याचं भूत उमटतं. एकेक फ्रेम जमवून डोळ्याला न दिसणारं दाखवायची कल्पना जुनी आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी सिनेमा काढण्याआधी छायाचित्रकार म्हणून काम केलं होतं, आणि पहिल्या चित्रपटाच्या भांडवलासाठी लोकांना दाखवायला म्हणून कुंडीतल्या वाटाण्याचं रोज थोडं थोडं चित्रण करून अंकुर वाढतानाचा छोटा चित्रपट केला होता. आज मोबाइलमधलं टाइम-लॅप्स हेच करतं.

पोर्ट्रेट मोडमधली मागची धूसरता भोकामुळे आलेली नसते. मोबाइल माणूस कुठे संपतो याचा अंदाज करतो आणि बाकीचं पुसट करतो. अंदाज कुठे चुकतो ते बघायचं तर गजरा माळलेल्या बाईचा फोटो मोठा करा. सुटलेल्या केसांच्या बटा अर्ध्यातच नाहीशा, गजऱ्याची कडेची फुलं पार्श्वभूमीत मिसळलेली, चष्म्याची काडी मध्येच पुसट. छोट्या स्क्रीनवर खपतं, फ्रेम करून भिंतीवर लावलं की खटकतं.

आणि दोन बोटांनी झूम करणं म्हणजे बहुतेक वेळा फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करणं. ते घरी येऊनही करता येतं. त्यापेक्षा चार पावलं पुढे जा. चालायला जागाच नसेल, जसं नांदूर मध्यमेश्वरला, तिथे ४०० मिलिमीटरच्या आसपासची खरी लेन्सच लागते. मोबाइलवर हट्ट करण्यात अर्थ नाही.

फाइल, बुरशी आणि खरेदी

कॅमेरा फोटो दोन प्रकारे साठवतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा राहतात आणि बाकीची माहिती फेकून फाइल लहान होते. रॉमध्ये सेन्सरवरचे आकडे तसेच राहतात, १४ बिटचा कॅमेरा असेल तर १६,३८४ छटा. पहिले काही महिने जेपेग पुरे. काळारामासारख्या अवघड ठिकाणी दोन्ही एकदम साठवा. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो, त्यामुळे प्रिंटला द्यायचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा. लग्नाच्या अल्बममधले बरेच खराब फोटो या एका कारणाने खराब असतात.

कॅमेरा घ्यायचा कधी? मोबाइलवर जे जमत नाही ते नेमकं काय, हे सांगता आलं की. पक्षी हवेत, मागची खरी धूसरता हवी, कमी उजेडात हलती माणसं हवीत, तर घ्या. आणि नवा कमी पैशांतला घेण्यापेक्षा चांगला जुना आणि ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स घ्या. त्या लेन्सला झूम नसतो, त्यामुळे पाय हलवावे लागतात. जुनी लेन्स घेताना ती उजेडाकडे धरून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, व्यवहार तिथेच थांबवा. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सला ती हमखास लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवणं हा स्वस्त उपाय आहे, कातडी केसमध्ये ठेवणं सगळ्यात वाईट.

प्रत्येक डिजिटल फोटोबरोबर तो काढतानाचे आकडे साठवलेले असतात; गॅलरीत फोटो उघडून ‘डिटेल्स’ बघा. फोटो बिघडला की आधी तिथे जायचं. शटर १/१५ दिसतंय आणि सगळंच पुसट आहे, तर हात हलला. शटर १/१५, पण भिंत स्पष्ट आणि माणूस पुसट, तर माणूस हलला. ट्रायपॉडने काही होणार नाही, शटरचा वेग वाढवा. १/५०० असूनही चेहरा पुसट आणि मागचं झाड लख्ख, तर फोकस झाडावर गेला. चेहऱ्यावर बोट टेकवून पुन्हा काढा. आयएसओ ६४०० आणि चेहऱ्यावर दाणे, तर उजेड कमी होता, खिडकीजवळ सरका. आणि आकडे सगळे ठीक असूनही फोटोवर धुरकट पडदा असेल, तर लेन्सवर बोटाचा डाग आहे, रुमालाने पुसा.